ओवरीतल्या चार संगणकांना एकाच लॅपटॉपचं नेट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात जत तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं होतं. त्यांच्या गावच्या अभ्यासिकेत पाच संगणक आहेत, पण नेट एकाच यंत्राला आहे. बाकीच्या चारांवर मुलं नुसतं टायपिंग करतात, म्हणून शासनाने प्रत्येक संगणकाला वेगळी जोडणी द्यावी, असं त्यांनी लिहिलं होतं. ते वाचून मला आमचे २०२२ सालचे दिवस आठवले. आम्हीही हेच मागत फिरत होतो. ज्या यंत्राला नेट आहे, तेच यंत्र बाकीच्यांना बिनतारी नेट वाटू शकतं आणि ती सोय त्याच्यात आधीपासून असते, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. त्या वाचकांना आणि त्यांच्यासारख्या इतर गावांना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहीत आहे. पत्र लांबलं आहे, पण अर्धवट सांगितलं तर लोक अर्ध्या वाटेवर अडकतात. आम्हीही तसेच अडकलो होतो.

मी पाटण तालुक्यातल्या ढेबेवाडी खोऱ्यात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळांत चौतीस वर्षं शिकवलं आणि २०२१ मध्ये निवृत्त झाले. आमचं खोरं माथाडी कामगारांचं. अण्णासाहेब पाटील याच भागातले, मंद्रुळकोळ्याचे. आजही घरटी एक माणूस मुंबईला असतो. गावात बायका, म्हातारी माणसं आणि शिकणारी पोरं. घर लहान, संध्याकाळी टीव्ही चालू, म्हणून मुलांना अभ्यासाला जागा हवी होती. देवळाची दगडी ओवरी रिकामी असायची. ग्रामस्थांनी ती दिली. माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे. त्याच्या कार्यालयाने मोडीत काढलेले चार संगणक त्याने गाडीतून आणून टाकले, आणि स्वतःचा जुना लॅपटॉप मला दिला.

नेट होतं ते दूध डेअरीत. फॅट काढायचं मशीन, वजनकाटा, शेतकऱ्यांच्या पावत्या हे सगळं आता ऑनलाइन जातं, त्यामुळे डेअरीने फायबरची जोडणी घेतलेली. सकाळ-संध्याकाळ दूध घालायची वेळ सोडली तर ते नेट पडूनच असतं, आणि दुधाच्या पावत्यांना लागतं तरी किती? मी सेक्रेटरी आण्णांना विचारलं. ते म्हणाले, ‘बाई, पोरांसाठी न्हाय म्हनायचा प्रश्नच न्हाय, पर कमिटीपुढं ठेवतो.’ कमिटीने एकमताने होकार दिला.

डेअरीचं वायफाय मात्र ओवरीपर्यंत पोचेना. मधे दोन दगडी भिंती, पत्र्याची शेड आणि चाळीस मीटर अंतर. म्हणून डेअरीतून एक लॅनची, म्हणजे संगणकाला नेट जोडायची, वायर ओढून लॅपटॉपपर्यंत आणली. अशी वायर शंभर मीटरपर्यंत चालते, त्यामुळे चाळीस मीटरला अडचण नव्हती. अडचण वानरांची झाली. पहिली वायर त्यांनी आठ दिवसांत ओढून तोडली. दुसरी आम्ही प्लॅस्टिकच्या पाइपातून नेली, ती आजतागायत टिकून आहे. वळवाच्या पावसात विजा कडकडायला लागल्या की दोन्हीकडची पिन काढून ठेवायची, हा आमचा शिरस्ता आहे. इतक्या लांब ताणलेल्या तारेवर वीज जवळ पडली तरी दोन्ही टोकांची यंत्रं जळू शकतात.

असं नेट एका लॅपटॉपला मिळालं. आता उरलेले चार संगणक. तालुक्याच्या गावी एका दुकानात विचारलं. दुकानदाराने क्षणभरही विचार न करता सांगितलं की चारही मशीनला चार डोंगल घ्या, चार सिम घ्या, दर महिन्याला चार रिचार्ज. मी निवृत्तिवेतनातून ते करायला निघालेही होते. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण आज मागे वळून पाहताना वाईट वाटतं ते याचंच. ज्याचा हा रोजचा धंदा आहे त्याला दुसरा मार्ग माहीत नसेल असं मला वाटत नाही, आणि माहीत असूनही त्याने तो सांगितला नसेल तर ते बरोबर नाही.

‘मग चारही संगणकांना वायरीच टाका की,’ असंही काहींनी सुचवलं. ते आमच्या गुरवकाकांना मान्य नव्हतं आणि मलाही नव्हतं. ओवरीच्या दगडी खांबांना खिळा ठोकायचा नाही. जमिनीवरून वायरी सोडाव्यात तर सोमवारी आरतीला आणि यात्रेत पालखीला तीच वाट. म्हातारी माणसं अनवाणी येतात, पाय अडकून कुणी पडलं तर? बिनतारीच हवं होतं.

२०२२ च्या दिवाळीत भाचा आला. तो म्हणाला, ‘आत्या, लॅपटॉपच्या पोटात वायफायचं यंत्र आहेच. आपण ते नेट घ्यायला वापरतो, पण ते द्यायलाही चालतं.’ लॅपटॉपवर तेव्हा विंडोज ७ होतं. त्यात बटण नव्हतं. ‘कमांड प्रॉम्प्ट’ नावाची काळी खिडकी उघडून तिच्यात दोन ओळी टाइप कराव्या लागायच्या. पहिल्या ओळीत वायफायला नाव आणि पासवर्ड द्यायचा, दुसऱ्या ओळीने ते सुरू करायचं. ती खिडकी ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडली नाही तर लॅपटॉप सरळ नकार देतो. जुन्या संगणकांना वायफाय पकडता येत नव्हतं, म्हणून नखाएवढे यूएसबी वायफाय अ‍ॅडॉप्टर आणले, तीनशे-चारशे रुपयांचा एक. एवढाच काय तो खर्च, आणि तोही एकदाच.

चारही पडद्यांवर ‘ओवरी’ हे नाव दिसलं तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. पासवर्ड टाकला, जोडलं गेलं, आणि पुढे काहीच नाही. ‘बाई, नाव दिसतंय, पर नेट न्हाय ओ.’ दुसऱ्या दिवशीही तेच. भाच्याची सुट्टी संपली, तो पुण्याला गेला. ओवरीत बसून मुलं नुसती त्या नावाकडे बघत होती.

तिसऱ्या दिवशी मी पिंपळाखाली जाऊन, जिथे फोनला रेंज येते तिथून, त्याला फोन लावला. तो विचारायचा, आठवीतला एक मुलगा ओवरीतून ओरडून उत्तर द्यायचा, मी ते फोनवर सांगायचे. त्याने चारांपैकी एका संगणकावर काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ टाइप करायला लावलं आणि आलेला आकडा, म्हणजे त्या संगणकाचा नेटवरचा पत्ता, वाचायला सांगितला. मुलगा वाचू लागला, ‘एकशे एकोणसत्तर, टिंब, दोनशे चोपन्न...’

‘आत्या, थांब,’ भाचा म्हणाला. ‘सापडलं. १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे त्या संगणकाला कुणी पत्ताच दिलेला नाही. त्याने आपल्याआपणच घेतलाय. वायफाय झालं, पण नेट वाटायची खूण चुकीच्या ठिकाणी केलीय मी.’

ही गोष्ट मला शेवटपर्यंत नीट कळावी म्हणून मी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं, आणि आता वाचकांनाही तितक्याच नीट सांगते. वायफायचं नाव तयार होणं आणि नेट वाटलं जाणं, ही दोन वेगळी कामं आहेत. हौद बांधून झाला म्हणजे त्यात पाणी आलं असं होत नाही. नळ जोडावा लागतो. हा नळ ज्या वाटेने नेट आत येतं तिथे जोडायचा, म्हणजे आमच्या बाबतीत लॅनच्या जोडणीवर. तिच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘शेअरिंग’ नावाचं पान असतं. तिथे ‘दुसऱ्यांना या संगणकातून नेट वापरू द्या’ अशा अर्थाच्या इंग्रजी ओळीपुढे खूण करायची आणि खालच्या यादीतून आपण नवीन तयार केलेलं वायफाय निवडायचं. भाच्याने घाईत खूण उलट बाजूला, वायफायवरच केली होती. ती काढून लॅनवर केली. मुलाने पुन्हा आकडा वाचला, १९२.१६८.१३७ ने सुरू होणारा. ‘आता आला,’ भाचा म्हणाला. विंडोजचा लॅपटॉप नेट वाटायला लागला की स्वतः १९२.१६८.१३७.१ होतो आणि बाकीच्यांना त्याच ओळीतले पत्ते वाटून देतो. बाहेरच्या जगाला मात्र एकटा लॅपटॉपच दिसतो. आत कुणी काय मागितलं ते तोच लक्षात ठेवतो आणि आलेलं उत्तर ज्याचं त्याला पोचवतो.

त्या संध्याकाळी ओवरीत पहिल्यांदा चार पडद्यांवर चार वेगळी पानं उघडली. एकीने बालभारतीच्या संकेतस्थळावरून नववीचं पाठ्यपुस्तक उतरवून घेतलं. तिच्या बहिणीचं जुनं पुस्तक पावसात भिजून गेलं होतं.

लॅपटॉप बंद करून चालू केला की विंडोज ७ वर ती दुसरी ओळ पुन्हा टाइप करावी लागायची. मी ती वहीच्या पानावर ठळक अक्षरात लिहून लॅपटॉपच्या झाकणाला आतून चिकटवली होती. सातवीतली मुलं इंग्रजी स्पेलिंग न चुकता ती टाइप करायची.

२०२४ मध्ये विंडोज १० चा लॅपटॉप मिळाला आणि हे सगळं फार सोपं झालं. ज्यांच्याकडे विंडोज १० किंवा ११ आहे त्यांनी काळ्या खिडकीच्या वाटेला जाऊच नये. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, त्यात ‘मोबाइल हॉटस्पॉट’. तिथे नेट कुठून घ्यायचं ते निवडायचं, नाव-पासवर्ड आपल्याला हवा तो घालायचा आणि बटण सुरू करायचं. एका वेळी आठ यंत्रं जोडता येतात, आणि कोणकोण जोडलंय त्याची यादी तिथेच दिसते. नाव ‘मोबाइल हॉटस्पॉट’ असल्यामुळे लोकांना ते मोबाइलचं काहीतरी वाटतं आणि कुणी तिकडे फिरकत नाही.

तरीही अडचणी आल्याच. नवीन लॅपटॉपवर हॉटस्पॉट सुरू केला तर चारपैकी दोनच संगणकांना ‘ओवरी’ दिसेना. दोघांना दिसतंय, दोघांना नाही, असं का? पासवर्डचा प्रश्नच नव्हता, नावच गायब. शेवटी कळलं की वायफायचे दोन पट्टे असतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. नवीन लॅपटॉपने ५ चा पट्टा धरला होता आणि आमचे दोन स्वस्तातले अ‍ॅडॉप्टर फक्त २.४ चा ऐकतात. हॉटस्पॉटच्या पानावर ‘एडिट’मध्ये जाऊन २.४ केला आणि चारही जागे झाले. आमच्यासारख्या दगडी भिंतींच्या जागेत तोच बरा. ५ चा वेग जास्त, पण भिंतीपुढे तो लवकर दम टाकतो.

मग वेगाची तक्रार सुरू झाली. संध्याकाळी साडेसातला सगळं ठप्प. डेअरीची जोडणी तीस एमबीपीएस वेगाची. एका व्हिडिओ व्याख्यानाला तीन-चार एमबीपीएस पुरतात, म्हणजे चौघांनी चार व्याख्यानं लावली तरी उरायला हवं. शोध घेतल्यावर दिसलं की चारही संगणक एकदम विंडोजचे अपडेट ओढत होते. प्रत्येकावर वायफायच्या नावात जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’ सुरू केलं, म्हणजे संगणक समजतो की इथे नेट मोजून आहे आणि मोठे अपडेट आपणहून ओढत नाही. आता अपडेटला रविवारी सकाळची पाळी ठेवली आहे, एका रविवारी एकच संगणक. सामाईक विहिरीवर चार भावांच्या पाळ्या असतात तसंच. पाणी पुरेसं असलं तरी चारही मोटारी एकदम चालू केल्या तर कुणाच्याच वावरात ते पोचत नाही, हे आमच्या मुलांना समजावून सांगावं लागलं नाही.

सगळ्यात जास्त चुटपुट लावून गेली ती एका मुलीची गोष्ट. २०२५ मध्ये अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन झाले. पूर्वी आमच्या मुलांनी ढेबेवाडीला किंवा कराडला जाऊन कॉलेजात कागदी अर्ज भरायचे, आता सगळं संगणकावर. ओवरीत दहावी झालेली सात मुलं रोज येऊन बसायची. त्यातली एक मुलगी पसंतीक्रम भरत होती. लॅपटॉपजवळ कुणी नव्हतं. तिसरीतला एक मुलगा आला. ‘उघडं पुस्तक मिटून ठेवावं’ असं मीच ओवरीत शिकवलेलं, म्हणून त्याने मायेने लॅपटॉपचं झाकण मिटलं. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, लॅपटॉप झोपला की चारही संगणकांचं नेट जातं. तिचा अर्ज मध्येच तुटला. पुन्हा लॉगिन करायला ओटीपी हवा, आणि तो येणार वडिलांच्या मोबाइलवर. वडील वाशीच्या मार्केटात, अंगावर पोती. फोन उचलायला रात्रीचे साडेनऊ झाले. ती मुलगी तोवर खुर्चीतून उठली नाही. जेवायला जा म्हटलं तर नुसती मान हलवायची. अर्ज त्याच रात्री भरून झाला, पण ते दोन तास मी विसरणार नाही. चूक त्या लेकराची नव्हती, माझी होती. ‘पॉवर’च्या सेटिंगमध्ये ‘झाकण मिटल्यावर काहीही करू नको’ असा पर्याय असतो. तो मी पहिल्याच दिवशी निवडायला हवा होता. जे कुणी हे करतील त्यांनी नेट वाटायच्या आधी ही सेटिंग करावी. हॉटस्पॉटच्या पानावरचं ‘पॉवर सेव्हिंग’ही बंद करावं, नाहीतर काही मिनिटं कुणीच जोडलेलं नसलं की हॉटस्पॉट आपोआप बंद होतो आणि नंतर आलेल्या मुलाला वाटतं की नेट गेलं.

‘राउटर घ्या, कटकट मिटेल,’ असं मला शिकलेली माणसं सांगतात. बरोबर आहे. ज्यांच्याकडे पैसे आहेत किंवा राउटर आधीच आहे त्यांनी तोच वापरावा. लॅपटॉप सतत चालू ठेवावा लागतो, तापतो, पंखा घरघरतो. पण गरज पडली त्या दिवशी आमच्या हातात लॅपटॉप होता. शिवाय आमच्याकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नाही. डेअरीचा नेटचा डबा वजनकाट्याबरोबर बॅटरीवर असतो, लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर. लाईट गेली की मोठे संगणक बंद पडतात, पण ज्यांच्याकडे मोबाइल किंवा लहान लॅपटॉप आहे ती मुलं त्याच ‘ओवरी’वर काम पुरं करतात.

गेल्या वर्षी रस्ता रुंदीकरणात जेसीबीने फायबर तोडली. जोडायला अकरा दिवस लागले. तेव्हा मी माझा फोन ओवरीच्या पूर्वेकडच्या झरोक्यात ठेवला, कारण तिथेच दोन कांड्या रेंज येते, आणि चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडून ‘यूएसबी टेदरिंग’, म्हणजे केबलमधून लॅपटॉपला फोनचं नेट देण्याची सोय, सुरू केलं. हॉटस्पॉटच्या पानावर नेट कुठून घ्यायचं ते फक्त बदललं. मुलांना काही फरक कळलाच नाही, तेच नाव, तोच पासवर्ड. फोनचाच हॉटस्पॉट का नाही लावला? लावून पाहिला होता. झरोक्यातून तो कोपऱ्यातल्या संगणकांपर्यंत पोचत नव्हता, आणि तासाभरात हाताला चटका बसेल इतका तापायचा. केबलने फोन चार्जही होतो. एक लक्षात ठेवावं: फोनचं नेट वायफायनेच घेऊन पुन्हा वायफायनेच वाटलं तर वेग बराच पडतो, कारण लॅपटॉपच्या एकाच यंत्राला ऐकायचंही काम आणि बोलायचंही. आत येणारं नेट वायरने घ्यावं, बाहेर जाणारं हवेतून द्यावं.

आता पासवर्डविषयी. याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. ‘बाई, गावातलीच माणसं, पासवर्ड कशाला?’ असं अनेकदा ऐकलं. २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी दहशतवाद्यांनी जो ई-मेल पाठवला, तो नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता. त्या घरातल्या माणसाचा त्यात काही संबंध नव्हता, तरी चौकशी त्याच्या दारात आली. आमच्या ओवरीतून कुणी काही पाठवलं तर विचारणा डेअरीकडे येईल, कारण जोडणी डेअरीच्या नावावर. ज्यांनी विश्वासाने नेट दिलं त्यांच्या मानेला फास नको. म्हणून पासवर्ड बारा अक्षरांचा, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलायचा, भिंतीवर लिहायचा नाही. कोण कधी आलं ते हजेरीच्या वहीत. जो लॅपटॉप नेट वाटतो त्यावर कुणाचं आधार, पासबुक, उतारे ठेवायचे नाहीत. ‘ओवरी’ सगळ्या संगणकांवर ‘पब्लिक’ म्हणून नोंदवलेलं आहे, म्हणजे एकाच्या फायली दुसऱ्याला दिसत नाहीत. आणि या नेटचे आम्ही एक रुपयाही घेत नाही. घरगुती किंवा संस्थेची जोडणी विकत वाटायची नसते. ज्या दुकानदारांना पैसे घेऊन वायफाय द्यायचं असेल त्यांच्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी योजना मंजूर केली आहे. तिच्यात साध्या किराणा दुकानदारालाही परवान्याशिवाय वायफाय देता येतं. त्या रस्त्याने जावं.

मुलं नेटमुळे बिघडतात, हाही आक्षेप गावात आहे आणि तो मी झटकून टाकत नाही. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचा पायंडा पाडला. मला त्या गावाचा आदर वाटतो. आमच्याकडे त्याच वेळेला मुलांचे मोबाइल माझ्या टोपलीत असतात आणि चारही पडदे अंगणाकडे तोंड करून ठेवलेले असतात. देवदर्शनाला येणारा कुणीही बघू शकतो की कोण काय करतंय.

माझे वडील कर्मवीर अण्णांच्या रयत शिक्षण संस्थेत ‘कमवा आणि शिका’ मधून शिकले. १९१९ मध्ये आमच्या शेजारच्याच कराड तालुक्यात, काल्याला ही संस्था सुरू झाली. वडील सांगायचे की वसतिगृहात एका पुस्तकावर चौघे अभ्यास करायचे, एकाने मोठ्याने वाचायचं, तिघांनी ऐकायचं. ओवरीत चार पडदे चालू असताना मला ते आठवतं.

माझी विनंती तिघांना आहे. आपण वृत्तपत्रात अशी माहिती चित्रांसह छापावी, कारण गावात आजही छापलेल्या गोष्टीवर विश्वास बसतो. जिल्हा परिषदेने शिक्षकांच्या संगणक प्रशिक्षणात हा अर्ध्या तासाचा धडा घालावा. मी स्वतः प्रशिक्षणांना बसले आहे. तिथे पॉवरपॉइंटमध्ये अक्षरं फिरवायला शिकवलं, हे कुणी शिकवलं नाही. आणि ग्रामपंचायतींनी मनावर घ्यावं. भारतनेटची कल्पना २०११ पासूनची, देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची. जिथे ती पोचली आहे तिथेही कार्यालय बंद झालं की संध्याकाळी सहापासून सकाळी दहापर्यंत नेट कुलुपात असतं. शेजारच्या शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या खोलीत एक वायर आणि एक लॅपटॉप, एवढ्याने ते मुलांपर्यंत जाईल. त्यासाठी नवा निधी लागत नाही, एक ठराव लागतो.

जतच्या त्या वाचकांनी त्यांच्या ज्या एका संगणकाला नेट आहे तो लॅपटॉप आहे की मोठा संगणक, हे आधी पाहावं. मोठा असेल तर त्यालाही तोच नखाएवढा अ‍ॅडॉप्टर लावावा, पण घेताना दुकानात ‘हॉटस्पॉट चालतो का’ असं विचारून घ्यावा. काही स्वस्त अ‍ॅडॉप्टर फक्त नेट घेतात, देत नाहीत. बाकीच्या चारांना चार अ‍ॅडॉप्टर. वर लिहिल्याप्रमाणे केलं तर एका संध्याकाळचं काम आहे. नाही जमलं तर त्यांनी आमच्याकडे यावं. कराडहून ढेबेवाडीची एसटी आहे. ओवरी रोज संध्याकाळी सहा ते नऊ उघडी असते, सोमवारी आरतीनंतर. येताना अभ्यासिकेतल्या एखाद्या मोठ्या मुलाला बरोबर आणावं आणि स्वतःचाच लॅपटॉप चार्जरसकट आणावा. त्यावरच करून देऊ, म्हणजे गावी गेल्यावर फक्त वायर लावायची राहील.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ढेबेवाडी खोरे, ता. पाटण, जि. सातारा